जेवणारा देश, खाणारा देश

फ्रान्समधल्या ल्यों शहरातल्या त्या सरकारी शाळेच्या फाटकावर आठवड्याच्या जेवणाचा कागद लावलेला असायचा. माझी मुलगी तेव्हा पाच वर्षांची होती आणि आमचं फ्रेंच अगदीच जुजबी होतं. तिला वर्गात सोडलं की फोनवरच्या शब्दकोशात बघत बघत मी तो कागद वाचत उभी राहायचे. आधी किसलेलं गाजर नाहीतर उकडलेलं बीट. मग मासा आणि पालक, किंवा मसूर आणि भात. त्यानंतर चीजचा छोटा तुकडा नाहीतर साधं दही. शेवटी एखादं फळ, आठवड्यातून एखाद्या दिवशी केक. प्यायला पाणी. पाव हवा तेवढा घ्यावा, पण केचप-मेयोनेज टेबलावर मांडून ठेवायचं नाही, ज्या पदार्थाबरोबर लागतं त्याच्याबरोबरच मोजकं वाढायचं, असा २०११ पासून तिथे सरकारी नियम आहे.

हा कागद फाटकावर कशासाठी लावतात, असं मी एकदा शेजारी उभ्या असलेल्या एका आईला विचारलं. तिला आधी प्रश्नच कळेना. मग म्हणाली, "दुपारी पोरांनी काय खाल्लं ते माहीत नसेल तर रात्री घरी काय करायचं ते कसं ठरवणार?"

तीन वर्षांनी आम्ही न्यू जर्सीला आलो. इथल्या शाळेत जेवायची सुट्टी पंचवीस मिनिटांची. त्यातली काही मिनिटं रांगेत जातात, काही जागा शोधण्यात. मुलगी घरून डबा न्यायची आणि निम्मा परत आणायची. "वेळच संपला," एवढंच सांगायची. साडेतीनला घरी आली की भुकेने कावलेली असायची. आणि ती भूक भागवायला खाणं सगळीकडे तयार. सॉकरचा सराव संपला की चिप्सची पाकिटं, वाचनालयातल्या गोष्टींच्या तासाला बिस्किटं, बँकेत काउंटरवर लॉलीपॉपची वाटी, कुणाचाही वाढदिवस असला की वर्गात कपकेक. जेवण अपुरं आणि खाणं अखंड, असा तिचा दिवस झाला. वर्षभरात माझाही झाला.

मराठीत जेवणं आणि खाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. "जेवलात का?" या प्रश्नाला "चार बिस्किटं खाल्ली" हे उत्तर होत नाही. जेवणाला वेळ असते, बसायची जागा असते, वाढणारं कुणीतरी असतं आणि शेवट असतो. हात धुतले की जेवण झालं. खाण्याला यातलं काहीच लागत नाही. फ्रेंच आणि अमेरिकन माणसांच्या वजनातल्या फरकाबद्दल जे काही वाचलं आणि दोन्हीकडे राहून जे पाहिलं, त्यावरून माझं मत असं झालंय की फ्रान्स हा अजून बऱ्याच प्रमाणात जेवणारा देश आहे आणि अमेरिका हा खाणारा देश झाला आहे. माझा मुद्दा पुढचा आहे. फ्रान्स जेवतो तो तिथली माणसं जास्त संयमी आहेत म्हणून नव्हे. जेवणाला तिथे कायद्याचं, शाळेचं आणि रिवाजाचं कुंपण आहे. अमेरिकेत ते कुंपण कधी नीट घातलंच गेलं नाही, आणि होतं तेही मोडलं.

आधी आकडे. अमेरिकेचं रोगनियंत्रण केंद्र लोकांना प्रत्यक्ष काट्यावर उभं करून वजन घेतं. ऑगस्ट २०२१ ते ऑगस्ट २०२३ या काळातल्या मोजणीत ४०.३ टक्के प्रौढ लठ्ठ निघाले. लठ्ठ म्हणजे ज्यांचा बॉडी मास इंडेक्स, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा, ३० किंवा त्याहून जास्त आहे ते. फ्रान्समध्ये २०२० च्या पाहणीत हे प्रमाण १७ टक्के होतं. तिथे लोकांनी स्वतः सांगितलेलं वजन धरलं होतं, आणि वजन सांगताना माणूस एक-दोन किलो खालीच सांगतो, तेव्हा खरा फरक थोडा कमी असणार. तरीही दुपटीच्या आसपासचा हा फरक किरकोळ म्हणता येत नाही. आणि हा फरक कुठल्या पथ्यामुळे पडलेला नाही. लोणी, साय, चीज, पांढऱ्या मैद्याचा पाव, चॉकलेट हे सगळं फ्रेंच माणूस रोज खातो.

याचं उत्तर म्हणून वाइनकडे बोट दाखवायची सवय लागली ती १९९१ पासून. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात अमेरिकेतल्या एका गाजलेल्या टीव्ही कार्यक्रमात सेर्ज रेनो या फ्रेंच संशोधकाने फ्रेंचांमधल्या कमी हृदयविकाराचं श्रेय रेड वाइनला दिलं आणि पाहता पाहता अमेरिकेत रेड वाइनचा खप वाढला. ती चर्चा हृदयविकाराची होती, वजनाची नव्हे. शिवाय १९६० च्या दशकात फ्रेंच माणूस वर्षाला सरासरी शंभर लिटरहून अधिक वाइन प्यायचा, तो आता निम्म्याहूनही कमी पितो. वाइनचं उत्तर लोकांना आवडलं कारण ते दुकानात विकत मिळतं. आपल्याकडेही ग्रीन टी आणि ऑलिव्ह ऑइल याच आशेने घरात येतात.

पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ पॉल रोझिन यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यापेक्षा फार साधी गोष्ट केली. ते वजनकाटा घेऊन हॉटेलात गेले. पॅरिस आणि फिलाडेल्फिया या दोन शहरांतल्या एकाच प्रकारच्या हॉटेलांत जोडीजोडीने पदार्थ मागवून त्यांनी ते तोलले. २००३ साली निष्कर्ष छापून आले. पॅरिसमध्ये एका माणसाच्या पदार्थाचं सरासरी वजन २७७ ग्रॅम भरलं, फिलाडेल्फियात ३४६ ग्रॅम. म्हणजे पंचवीस टक्के जास्त. किराणा दुकानातही तेच. फिलाडेल्फियातलं चॉकलेट पॅरिसपेक्षा ४१ टक्के मोठं, शीतपेय ५२ टक्के, हॉटडॉग ६३ टक्के, आणि जे लोक आरोग्यासाठी म्हणून घेतात त्या दह्याचा डबा ८२ टक्के मोठा. मग त्यांनी मॅकडॉनल्ड्समध्ये बसून लोकांच्या जेवणाची वेळ मोजली. पॅरिसमध्ये सरासरी २२ मिनिटं, फिलाडेल्फियात १४. पॅरिसच्या माणसासमोर अन्न कमी होतं आणि ते तो जास्त वेळ खात होता. या एका वाक्यात मला पोषणशास्त्राच्या अर्ध्या कपाटाइतकं सापडलं.

समोर जेवढं ठेवलं जातं तेवढं माणूस संपवतो. पानात टाकू नये हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं असतं, अमेरिकन मुलांनाही शिकवतात. त्यामुळे ताट किती मोठं वाढायचं हे जो ठरवतो, तोच खाणाऱ्याच्या वजनाचा बराचसा निर्णय करून टाकतो. अमेरिकेत हे कुणी ठरवलं, त्याची गोष्ट नोंदलेली आहे. डेव्हिड वॉलरस्टीन नावाचे गृहस्थ शिकागोकडच्या चित्रपटगृहांच्या साखळीत होते. लोक पॉपकॉर्नचं दुसरं पाकीट घेत नाहीत, त्यांना हावरट दिसायची लाज वाटते, हे त्यांच्या लक्षात आलं. म्हणून त्यांनी एकच पण मोठं पाकीट विकायला काढलं आणि खप वाढला. हेच वॉलरस्टीन पुढे मॅकडॉनल्ड्सच्या संचालक मंडळावर गेले आणि फ्राइजचं मोठं पाकीट आणण्यासाठी त्यांनीच आग्रह धरला. कोका-कोलाची पूर्वीची प्रमाण बाटली साडेसहा औंसांची, म्हणजे १९० मिलिलिटरच्या जरा वर होती. १९८० च्या सुमारास ३२ औंसांचा, जवळजवळ एक लिटरचा ग्लास एका माणसासाठी म्हणून विकला जाऊ लागला. दुसरं पाकीट मागताना वाटणारी ती लाज माणसाच्या अंगातली नैसर्गिक मर्यादा होती. ती ओळखून, मोजून, पद्धतशीरपणे काढून टाकली गेली. याला लोकांच्या हावरेपणाचं नाव देणं मला अन्यायाचं वाटतं.

रोझिन यांच्याच १९९९ च्या एका पाहणीत लोकांना विचारलं होतं, चॉकलेट केक म्हटल्यावर मनात काय येतं, अपराधीपणा की सणसमारंभ? अमेरिकनांकडून अपराधीपणा हे उत्तर जास्त आलं, फ्रेंचांकडून सणसमारंभ. म्हणजे ज्या देशात वजन जास्त, त्याच देशात खाण्याची भीतीही जास्त. न्यू जर्सीतल्या माझ्या ऑफिसात हे रोज दिसतं. कुणी डोनटचा खोका आणून ठेवला की जो तो "आज मी वाईट वागणार" असं म्हणत अर्धा डोनट कापून नेतो, आणि दहा मिनिटांनी उरलेला अर्धाही नेतो. उभ्यानेच, मॉनिटरसमोर. ल्योंच्या ऑफिसात बारा-साडेबाराला कुणीतरी दारातून डोकावून "चलायचं?" म्हणायचं आणि सगळे उठायचे. पहिले काही दिवस मी डबा टेबलावर उघडून बसले, तर एका सहकारिणीने जवळ येऊन काळजीने विचारलं, "बरं नाही का वाटत?" एकटीने टेबलावर जेवणं हे तिला आजारपणाचं किंवा भांडणाचं लक्षण वाटलं होतं.

तिच्या काळजीला कायद्याचाही आधार होता. कामाच्या जागी, म्हणजे जिथे माणूस काम करतो त्या टेबलावर किंवा यंत्राजवळ, कामगारांना जेवू देऊ नये असं फ्रान्सच्या कामगार कायद्यातच लिहिलं आहे. या कलमाचं मूळ एकोणिसाव्या शतकातल्या कारखान्यांमध्ये आहे. विषारी धूळ आणि धूर अन्नात जाऊ नये म्हणून ते आलं, आणि त्यातून जेवायला उठून दुसरीकडे जायची सवय शंभर वर्षं टिकली. १९६७ पासून तिथे जेवणाची कुपनं मिळतात, त्यांच्या किमतीत मालक आणि नोकर दोघांचा वाटा असतो. हॉटेलात जाऊन नीट बसून जेवणं त्यामुळे साध्या कारकुनालाही परवडतं. फ्रान्सच्या सांख्यिकी संस्थेच्या पाहणीनुसार दुपारी एक वाजता निम्मा देश जेवत असतो. दिवसाकाठी फ्रेंच माणसाचे दोन तासांहून जास्त जेवणात जातात, अमेरिकन माणसाचा जेमतेम एक तास.

अमेरिकेत जेवायची सुट्टी दिलीच पाहिजे असा केंद्राचा कायदाच नाही. राज्यं आपापलं बघतात. न्यू जर्सीत अठरा वर्षांखालच्या कामगाराला अर्ध्या तासाची सुट्टी देणं बंधनकारक आहे. त्यापुढच्या वयाच्या माणसाने जेवावं की नाही हे मालकाच्या मर्जीवर. गोदामात किंवा दुकानात तासावर काम करणारी बाई गाडी चालवता चालवता जेवते. तिच्या गाडीत सीटजवळ ग्लास ठेवायची खाच आहे, रस्त्यावर दर मैलाला खिडकीतून पिशवी देणारं दुकान आहे, आणि जिथे बसून जेवायला अर्धा तास मिळेल अशी जागा तिच्या दिवसात कुठेच नाही. तिला कॅलरी मोजायला सांगणं म्हणजे पावसात भिजणाऱ्याला थेंब मोजायला सांगणं.

मुलांच्या बाबतीत फ्रान्सने आणखी कडक पावलं उचलली. २००४ च्या कायद्याने शाळांमधली चिप्स-चॉकलेट-शीतपेयांची यंत्रं बंद केली, ती सप्टेंबर २००५ पासून गेली. २००७ पासून खाद्यपदार्थांच्या जाहिरातीत आरोग्याचा संदेश सक्तीचा झाला. "जेवणांच्या मधे चरत राहू नका" हा त्यातलाच एक. २०१२ मध्ये शीतपेयांवर कर आला. जानेवारी २०१७ पासून हॉटेलात ग्लास पुन्हा पुन्हा फुकट भरून देण्यावर बंदी आली. आणि या सगळ्याच्या मुळाशी एक जुनी घरगुती शिस्त आहे. मुलांना मधल्या वेळचं खाणं एकदाच, चारच्या सुमाराला, शाळा सुटल्यावर. पाव आणि चॉकलेटची वडी, किंवा फळ. त्यानंतर रात्रीच्या जेवणापर्यंत काही नाही. मूल कुरकुरलं तर "थोड्या वेळात जेवायचंच आहे" असं उत्तर मिळतं. भूक लागणं ही तिथे तातडीने मिटवायची अडचण मानत नाहीत. आमच्या लहानपणी सोलापूरला नेमकं असंच होतं. चारला पोहे नाहीतर गूळ-शेंगदाणे, आणि मग ताटं घेईपर्यंत स्वयंपाकघरात लुडबुडायचं नाही.

यावर हमखास येणारा आक्षेप असा की काय आणि किती खायचं हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे, सरकारने ताटात नाक खुपसू नये. न्यूयॉर्कचे महापौर मायकेल ब्लूमबर्ग यांनी २०१२ मध्ये हॉटेलांत आणि चित्रपटगृहांत १६ औंसांपेक्षा मोठा गोड पेयाचा ग्लास विकू नये असा नियम आणला, तेव्हा हाच आक्षेप गाजला. कुणाला दोन ग्लास घ्यायला मनाई नव्हती, फक्त एक ग्लास अर्ध्या लिटरच्या आत राहणार होता. वॉलरस्टीननी काढून टाकलेली लाज परत आणायचा तो प्रयत्न होता. २०१४ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो नियम कायमचा रद्द केला. आरोग्य मंडळाला तसा अधिकार नाही हे न्यायालयाचं कारण होतं, पण लोकांच्या लक्षात राहिलं ते स्वातंत्र्य.

स्वातंत्र्याचा मुद्दा मी हलका मानत नाही. पण हे स्वातंत्र्य शरीराच्या पातळीवर कितपत खरं आहे, ते २०१९ च्या एका प्रयोगात दिसलं. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केविन हॉल यांनी वीस जणांना महिनाभर संस्थेतच ठेवून घेतलं. दोन आठवडे कारखान्यात बनलेलं अतिप्रक्रिया केलेलं अन्न, दोन आठवडे साधं शिजवलेलं अन्न. दोन्हीकडे समोर ठेवलेल्या जेवणात साखर, मेद, मीठ, तंतू सारखेच, आणि हवं तेवढं खायची मुभा. अतिप्रक्रियेच्या अन्नावर लोकांनी रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खाल्ल्या आणि दोन आठवड्यांत त्यांचं वजन जवळजवळ एक किलोने वाढलं. त्यांना चव जास्त आवडली होती असंही नाही. ते अन्न मऊ होतं आणि भराभर गिळलं जात होतं. त्या वीस जणांचा निग्रह दर दोन आठवड्यांनी बदलला नव्हता, बदललं होतं ते फक्त ताट. अमेरिकन माणसाच्या पोटात जाणाऱ्या कॅलरींपैकी निम्म्याहून जास्त आज अशाच अन्नातून येतात. फ्रान्समध्ये हे प्रमाण साधारण एक तृतीयांश आहे.

फ्रान्सची आरती ओवाळायला मी हे लिहीत नाही. तिथे धूम्रपान अमेरिकेपेक्षा बरंच जास्त आहे, आणि सडसडीतपणाचा काही भाग त्या धुराचा असू शकतो. शहरं चालण्याजोगी आहेत, त्याचाही हात आहेच. आणि तिथे जाड माणसाला, विशेषतः जाड बाईला, फार सोसावं लागतं. माझ्या देखत एका दुकानातल्या बाईने गिऱ्हाईक मुलीला "तुमच्या मापाचं आमच्याकडे नसतं" असं सगळ्यांसमोर सांगितलं होतं. त्या मुलीचा लालबुंद झालेला चेहरा मला अजून आठवतो. जेवणाचं कुंपण हवं, पण ते असल्या अपमानावर उभं राहू नये.

शिवाय फ्रान्सही जाड होतो आहे. १९९७ मध्ये तिथे लठ्ठपणा साडेआठ टक्के होता, २०२० पर्यंत तो दुप्पट झाला. हा आकडा माझ्या म्हणण्याच्या विरुद्ध जातो असं कुणी म्हणेल. मला तो माझ्याच बाजूचा वाटतो. तेवीस वर्षांत फ्रेंच रक्त बदललं नाही, इच्छाशक्ती ओसरली नाही. बदललं ते जेवण. मॅकडॉनल्ड्सला अमेरिकेबाहेर सगळ्यात मोठ्या बाजारपेठांत फ्रान्सचा नंबर लागतो. १९९९ मध्ये जोझे बोवे आणि त्याच्या शेतकरी साथीदारांनी मियो गावातलं बांधकाम चालू असलेलं मॅकडॉनल्ड्स मोडून टाकलं होतं, तरीही. आणि वजन सगळीकडे सारखं वाढलेलं नाही. पॅरिसच्या परिसरात लठ्ठपणा १४ टक्क्यांच्या आसपास, तर उत्तरेकडच्या, बंद पडलेल्या खाणी आणि गिरण्यांच्या पट्ट्यात २२ टक्के. ज्यांच्या हातातून कामाच्या ठरावीक वेळा, कॅन्टीन आणि बरा पगार गेला, त्यांच्या हातातून जेवणही गेलं.

त्याच उत्तर भागात, लिल शहराजवळ, फ्लर्बे आणि लाव्हांती अशी दोन छोटी गावं आहेत. १९९२ पासून तिथल्या शाळांनी मुलांना अन्नाबद्दल शिकवायला सुरुवात केली आणि पुढे डॉक्टर, दुकानदार, नगरपालिका असं सगळं गावच त्यात ओढलं गेलं. आधी काही वर्षं फरक दिसला नाही, उलट मुलांची वजनं वाढलीच. पण २००४ मध्ये मोजलं तेव्हा या गावांत वजन जास्त असलेली मुलं ८.८ टक्के होती, आणि तुलनेसाठी निवडलेल्या शेजारच्या गावांत १७.८ टक्के. बारा वर्षं धीर धरावा लागला. निवडणुकीच्या हिशोबात बसणारा हा काळ नाही, म्हणूनच असलं काम कुणी हाती घेत नाही.

अमेरिकेने वेगळा रस्ता धरला आहे. २०२१ मध्ये वजन कमी करणाऱ्या नव्या इंजेक्शनला मान्यता मिळाली, आणि २०२४ च्या एका पाहणीत दर आठ प्रौढांमागे एकाने या जातीचं औषध कधी ना कधी घेतलेलं होतं. ज्यांना मधुमेह आहे, ज्यांचे गुडघे वजनाने गेले आहेत, त्यांना ते जरूर मिळावं, आणि परवडेल अशा दरात मिळावं. पण आधी भूक भडकवणारं अन्न सगळीकडे ठेवायचं आणि मग भूक मारणारं औषध दर आठवड्याला टोचायचं, यात दोन्हीकडून पैसे देणारा माणूस एकच आहे.

इथली आम्ही मराठी माणसंही आता खाणाऱ्यांतच जमा आहोत. शनिवारी कुणाकडे तरी पंगत जमते, आग्रह करकरून वाढलं जातं, आणि सोमवार ते शुक्रवार डबा कीबोर्डवर उघडतो. पोळीभाजी तीच आहे. ती कशी आणि किती वेळात पोटात जाते, हे बदललं आहे.

गेल्या हिवाळ्यात मी आमच्या गावच्या शाळा मंडळाच्या सभेत बोलायला नाव दिलं. नागरिकाला तीन मिनिटं मिळतात. मी मुलांचे परत येणारे डबे सांगितले आणि जेवायची सुट्टी दहा मिनिटांनी वाढवा एवढंच मागितलं. मंडळाने ऐकून घेतलं. बसच्या वेळा बदलाव्या लागतील, शिक्षकांचा करार पाहावा लागेल, असं उत्तर आलं. सभा संपल्यावर शाळेच्या जेवणघरात वाढायचं काम करणारी एक बाई माझ्यामागून पार्किंगपर्यंत आली. मुलांनी चावासुद्धा न घेतलेली किती सफरचंदं ती रोज कचऱ्यात टाकते, ते ती मोजून ठेवणार होती. पुढच्या सभेला तिने आणि मी लागोपाठ नावं दिली आहेत, म्हणजे सहा मिनिटं मिळतील.